घोड्यांचा खोकला आणि केसरबाईचं नळकांडं

८ फेब्रुवारी १९८७, रविवार. सकाळ.
ही डायरी मला बक्षीस मिळाली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात माझा पहिला नंबर आला. वर्गात सहा बाया होत्या, पाच जणी ऊसतोडीला गेल्या. तरी पहिला तो पहिलाच. गुरुजी म्हणले, केसरबाई, रोज चार ओळी लिहीत जा, म्हंजी हात बसंल. डायरी दूध संघाची हाय, वर म्हशीचं चित्र हाय. मी तिला पेनानं आयाळ काढली. आता बरी दिसती.
कुणी वाचायची न्हाई. आमच्या म्हाताऱ्याला वाचता येत न्हाई, पोरगा जालिंदर, त्याला सवड न्हाई, आन सून जाई हिला वाचता येतं पण ती माझ्या वस्तूला हात लावत न्हाई. लई गुणाची.

तोच दिवस. दुपार.
छावणीवरून आले. डोकं तापलंय. दुष्काळाचं हे तिसरं वर्ष, म्हणून गावच्या सोसायटीनं सिंदफणेच्या कोरड्या पात्रात जनावरांची छावणी काढली. गाय, बैल, म्हैस, सगळ्यांना चारा. आमच्या हिरकणीला न्हाई. कारकून म्हणला, आजी, घोडं यादीत बसत न्हाई. मी म्हणलं, ते बसत न्हाईच बाबा, उभंच ऱ्हातं, तू फकस्त कडबा टाक. त्यानं चष्मा काढून पुसला.
हिरकणी आमची वरातीची घोडी. अंगानं गव्हाळ, कपाळावर चांदणी. जालिंदर तिला लग्नाला नेतो. ह्या तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवरून गेले, त्यातला एकबी पडला न्हाई. आता तिच्या बरगड्या मोजता येत्यात. जालिंदर म्हणला, आई, पाडव्यापतोर चाऱ्याची सोय झाली तर ठीक, न्हाईतर मी तिला विकणार. मी म्हणलं, आधी मला विक. म्हातारा बाजेवरून म्हणला, तिला गिऱ्हाईक मिळंल, तुला कोण घेतंय.
संकल्प: हिरकणी विकू द्यायची न्हाई.

९ फेब्रुवारी, सोमवार.
मोहनरावांकडं गेले. ते सोसायटीचे चेअरमन, गावात त्यांच्या शब्दाबिगर पान हालत न्हाई. ते म्हणले, केसरबाई, एकट्या घोडीसाठी मी कायदा बदलू का? तुमी घोडेवाले सगळे मिळून तुमची सोसायटी काढा. दहा सभासद, दहा जनावरं. बीडचा सायेब येऊन बघंल, नोंद करंल, मग कारखान्यावरून दर आठवड्याला उसाच्या वाढ्यांचा, म्हंजी शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, एक ट्रक तुमच्या नावानं.
मला इतका आनंद झाला की घरी येताना रस्ता चुकले. आपल्याच गावात.
सायेब वीस मार्चला येणार. चेअरमन मी होणार हे सांगायची गरज न्हाई. आपोआपच हाय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
सभासद मोजले. मी एक. शिरूरचे महेबूबभाई टांगेवाले दोन. गहिनीनाथ धनगर आन त्याचा भाऊ, दोघांची दोन तट्टं, झाले चार. बँडवाला पाच. बाजाराला तट्टावर माल नेणारा भोई सहा.
मग गाडी अडली. तेवढ्यात छबुबाई कुंभारीण दिसली, मागं तिची गाढवं. तिच्या घरात तिघांच्या नावावर तीन. छबुबाई म्हणली, अगं केसर, घोड्याच्या सोसायटीत गाढव कसं चालंल? मी म्हणलं, कान जरा लांब हायेत, बाकी काय फरक? ती म्हणली, बाकी फरक तुला सायेब सांगंल. तशी ती लई तिरकी बोलती, पण अंगठा उठवला.
नऊ झाले. दहावा नंतर बघू.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
जालिंदर काल बीडला मोठ्या लग्नाला हिरकणी घेऊन गेलता. अकरा घोडे होते म्हणे, लांबलांबचे, सगळे एकाच हौदावर पाणी प्यायले. त्यातला एक सारखा खोकत होता. जालिंदरनं हे जेवताना सांगितलं. मी म्हणलं, नवरी कशी होती ते सांग.

१८ फेब्रुवारी, बुधवार.
हिरकणी खोकती. कोरडा खोकला, खणखणीत, पत्र्यावर दगड पडावा तसा. नाकातून पाणी. कान गरम. खाईना.
नजर लागली. जालिंदर म्हणला, बीडच्या लग्नात हिरव्या साडीतली एक बाई हिच्याकडं लई बघत होती. बास, कळलं. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. चुलीत टाकल्या, तडतडल्या. म्हंजी नजर होतीच.
वर काढा. अडुळसा, ओवा, सुंठ, हळद, गूळ आन अजून एक वस्तू, ती लिहीत न्हाई. डायरी कुणाच्या हाताला लागली तर? माझ्या बापाचं बांबूचं नळकांडं माळ्यावरून काढलं. ह्यानंच ते बैलांना औषध पाजायचे. एक टोक तिरपं कापलेलं, दातांच्या फटीतून आत सरकवायचं, मान वर, घटघट.
हिरकणीनं निम्मं माझ्या अंगावर उडवलं. म्हंजी ताकद हाय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
गुरांचे डॉक्टर छावणीवर आलते. कोवळं पोरगं हाय, मिशी नुकतीच ठेवलीय. आपणहून घोडी बघायला आले. थर्मामीटर कुठं लावला ते लिहीत न्हाई, हिरकणीला लई अपमान वाटला. ताप लई निघाला. म्हणले, आजी, हा घोड्यांचा फ्लू हाय, विषाणूमुळं होतो. मी म्हणलं, दाखवा. म्हणले, तो डोळ्याला दिसत न्हाई. मी म्हणलं, मग तुमाला कसा दिसला?
त्यांनी थर्मामीटर झटकला.
मग म्हणले, ह्याच्यावर औषध न्हाई, आपोआप उतरतो, पण जितके दिवस ताप तितके आठवडे घोडीला कामाला जुंपायचं न्हाई. बाकी घोड्यांपासून लांब बांधा. बादली, तोंडाला बांधायची मोहरकी, सगळं वेगळं. खोकल्यातून लागतो, हातातून लागतो, भांड्यातून लागतो.
सरकार ह्यांना पगार देतं आन हे म्हणत्यात औषध न्हाई! मी त्यांना चहा पाजला. घरी कुणी आलं की पाजावा लागतो.

२२ फेब्रुवारी, रविवार.
हिरकणी बरी!!!
ताप न्हाई. खोकला दिवसातून दोनदा, तोबी सवयीचा. कडब्याची दोन ताटं खाल्ली, माझा पदर चघळला. चार दिवसांत! डॉक्टर म्हणतो औषध न्हाई, आन हे काय मग? म्हातारा म्हणला, डॉक्टरच बोलला ना आपोआप उतरतो म्हणून. मी म्हणलं, आपोआप उतरायला माझा काढा आत होता ना.
ह्या माणसाशी संसार केला ते कसा केला, माझं मला ठाऊक.

२३ फेब्रुवारी, सोमवार. पहाट.
इचार पक्का झाला. चेअरमनचं काम सभासदाची काळजी घेणं. खोकला गावात आलाय तर सगळ्यांच्या जनावरांना आधीच काढा पाजायचा. वीस तारखेला सायेबापुढं नऊच्या नऊ जनावरं चकचकीत उभी पाहिजेत.
आन नळकांडं धुवायचं न्हाई. जाई काल राखेनं घासायला निघाली होती, मी हिसकावून घेतलं. त्यात हिरकणीचा गुण उतरलाय. धुतलं की गुण गेला. विरजणाचं भांडं कोण धुतं का?
सकाळी हिरकणीला शेवटचा घोट पाजून निघते.

तोच दिवस. सांज.
शिरूरला टांगा-स्टँडावर महेबूबभाईच्या घोड्याला पाजलं. महेबूबभाई म्हणले, मावशी, मेरा घोडा तो अच्छा हाय, कावून पाजताव? मी म्हणलं, अच्छा हाय म्हणूनच, अच्छाच ऱ्हावा. ते लई भले, घोड्याची मान स्वतः धरली. येताना धनगरवाड्यावर गहिनीनाथचं आन त्याच्या भावाचं तट्टू. तिन्ही जनावरं एका नळकांड्यानं, एका दिवसात. पाय दुखत्यात पण मन असं फुगलंय, भाकरीवाणी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. महाशिवरात्र.
महेबूबभाईचा घोडा खोकतोय. गहिनीनाथची दोन्ही तट्टं खोकत्यात.
बघा! माझा अंदाज किती बरोबर होता. आजार त्यांच्यात होताच, आत दबून बसला होता. काढ्यानं ओढून बाहेर काढला. न्हाईतर तो आतल्या आत वाढला असता. महेबूबभाईनं निरोप पाठवला, मावशी, टांगा बंद हाय. मी उलट निरोप पाठवला, घाबरू नका, असंच बाहेर पडत असतं. आन जाऊन तिघांना दुसरा डोस दिला. उपवासाच्या पोटी. एवढं कोण करतं?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
छबुबाईच्या तीन गाढवांना पाजलं. गाढवाला काढा पाजणं म्हंजी काय ते पाजल्याबिगर कळायचं न्हाई. एकानं माझ्या पायावर पाय ठेवला आन इचारात पडलं. छबुबाई हसून हसून मडक्यांवर बसली, दोन फुटली. येताना बँडवाल्याच्या घोड्याला आन भोयाच्या तट्टाला.
नवाच्या नव. काम पुरं झालं.

३ मार्च, मंगळवार.
गाढवांचा आवाज गेला. तिन्हींचा. तोंड उघडत्यात, मान ताणत्यात, आन आतून नुसती फुस्स हवा. रोज पहाटे चारला ती सगळ्या गावाला उठवायची, आज गाव सहा वाजता उठलं. दोघी बाया मला येऊन म्हणल्या, केसरबाई, लई उपकार झाले.
मात्र त्यांना ताप लई हाय. घोड्यांपेक्षा जास्त. छबुबाई आज हसली न्हाई.
बँडवाल्याच्या घोड्यालाबी लागला. भोयाचं तट्टू तेवढं अजून ठीक हाय. भोयानं त्या दिवशी अर्धाच डोस पाजू दिला, त्याचा परिणाम. त्याला सांगून आले, उरलेला अर्धा उद्या.

५ मार्च, गुरुवार.
डॉक्टर म्हणले होते हिरकणीला महिनाभर आराम. आराम नोकरदारांना असतो. घोडी बसून राहिली तर आखडती. आज पलीकडच्या गावात लग्न होतं. जालिंदर म्हणला, आई, डॉक्टर न्हाई म्हणत होते. मी म्हणलं, डॉक्टरनं घोडी कधी पाळली? ने तू.
मीबी गेले. जरीचं लुगडं नेसले.

तोच दिवस. घरी आल्यावर.
थोडक्यात लिहिती. वरात मारुतीपतोर बरी गेली. मग चढ आला. हिरकणी उभी राहिली. मान खाली घातली आन अशी खोकली, अशी खोकली, की वरच्या नवरदेवाच्या मुंडावळ्या नाकावरून हनुवटीवर आल्या. बँड थांबला. नवरदेव उतरला आन लग्नाला पायी गेला. नवरीच्या बापानं जालिंदरला काय काय म्हणलं ते मला ऐकू आलं न्हाई, मी मुद्दाम लांब उभी राहिले.
नवरदेव लई जाड होता. कुठलीबी घोडी खोकली असती.

६ मार्च, शुक्रवार.
हिरकणीला परत ताप. जालिंदर माझ्याशी बोलत न्हाई. जाई चहा देती पण डोळ्याला डोळा देत न्हाई.
भोयाचं तट्टू खोकायला लागलं. उरलेला अर्धा डोस जरा उशिरा पडला.

९ मार्च, सोमवार.
आज लई मजा झाली. जालिंदरनं पाडव्याची वाट न बघता धारूरकडचा एक व्यापारी आणला, हिरकणी दाखवायला. त्यानं दात बघितले, खूर बघितले, मग मोठ्या मिजाशीत तोंडाजवळ तोंड नेऊन नाक बघितलं. आन हिरकणी त्याच्या तोंडावर खोकली. सगळा फेटा, मिशा, चष्मा. तो म्हणला, हे फुकट दिलं तरी नको. गेला.
मी देवापुढं साखर ठेवली. वाचली! कुणामुळं वाचली? खोकला नसता तर आज ही धारूरच्या वाटंला असती. मी हे जालिंदरला सांगितलं. त्यानं ताट सरकवलं आन उठून गेला. म्हातारा म्हणला, तू जरा कमी खूश होत जा.

१३ मार्च, शुक्रवार.
सात दिवस राहिले. परिस्थिती नीट मांडते.
जनावरं नव. खोकणारी नव.
न खोकणारं एक पाहिजे. सायेबापुढं एक तरी पाहिजेच. आन दहावा सभासदबी अजून मिळालेला न्हाई. आन मग मला सुचलं. मला असं सुचतं कसं, माझं मलाच नवल वाटतं.
मोहनरावांचा बादशहा!
पांढराशुभ्र घोडा. त्याला वेगळा गोठा, वेगळा गडी, पंखा. मोहनराव पोळ्याला त्याच्यावर बसून मिरवत्यात. तो दहावा!

१४ मार्च, शनिवार.
मोहनराव हसत हसत हो म्हणले. म्हणले, केसरबाई, घ्या बादशहाचं नाव. पण तुमच्या खोकल्याचं गावात लई बोललं जातंय. माझा बादशहा खोकला तर बघा, तुमची सोसायटी मीच बुडवीन.
हसत म्हणले. मनाचे मोकळे हायेत.
डॉक्टर वाटेत भेटले. छबुबाईच्या घरून येत होते. चेहरा उतरलेला. म्हणले, आजी, एक गाढव वाईट हाय. यंदा लांबलांब हाच खोकला फिरतोय, पण आपल्याकडं इतक्या लवकर कसा पसरला कळंना. टांग्याचा घोडा शिरूरचा, तट्टं धनगरवाड्यावरची, गाढवं कुंभारवाड्यातली. ही जनावरं एकमेकांना भेटत न्हाईत. मग भेटतंय कोण?
मी म्हणलं, मी शोध घेती. मला सगळीकडं जावं लागतं ना.

१७ मार्च, मंगळवार.
बादशहाला काढा पाजला. आधीच काळजी घेतलेली बरी. गड्याला म्हणलं, मोहनरावांनी सांगितलंय. तसं त्यांनी सांगितलं नव्हतं, पण सांगितलं असतं. दुप्पट डोस दिला, कारण जनावर मोठ्या घरचं. निघताना हिरकणीला पाजून नळकांडं ताजं करून घेतलं होतं, म्हणून गुणबी दुप्पट.
मोठ्या घरचं असून कसं गुपचूप प्यालं!

१९ मार्च, गुरुवार.
उद्याची तयारी. भाषण पाठ केलं. "अध्यक्ष महाराज" म्हणायचं का "सायेब" म्हणायचं, हे ठरत न्हाई, कारण अध्यक्ष मीच.
डॉक्टरनं निरोप पाठवला, कुठलंबी जनावर जागचं हलवू नका, सायेबाला मी घरोघर नेऊन दाखवतो. असं कसं? सायेब घरोघर फिरणार आन मी भाषण कुणापुढं करू? सगळ्यांना निरोप दिला, सकाळी दहा वाजता छावणीपुढं, रांगेत.

२० मार्च, शुक्रवार. रात्री लिहिणार होते. नको. आत्ताच लिहिती, दुपारीच.
सायेब जीपमधून आले. पांढरा शर्ट. मोहनरावांनी हार घातला. दहाच्या दहा जनावरं रांगेत, मला तर डोळ्यात पाणी आलं. मी उभी राहिले, पदर सारखा केला आन म्हणलं, सायेब, आमच्या घोड्यांना
इथपतोरच झालं. हिरकणीनं सुरुवात केली. मग महेबूबभाईचा घोडा. मग तट्टं. सगळी रांग खोकत सुटली, ह्या टोकापासून त्या टोकापतोर आन परत. गाढवांचा आवाज न्हाई पण ती मान हलवत होती. सायेब दोन पावलं मागं. मोहनराव हसत म्हणले, सायेब, हा बघा, हा आमचा बादशहा, हा निरोगी.
बादशहा लई शिस्तीचा. त्यानं मोहनरावांचं बोलणं पुरं होऊ दिलं, मग खोकला.
हार, शर्ट, फाईल. सायेब जीपमधी बसले. काच वर केली.

तोच दिवस. जरा वेळानं.
डॉक्टरनं कारकुनाच्या टेबलावर कागद पसरला. त्यावर गावं काढली, वाड्या काढल्या, रस्ते काढले. मग प्रत्येकाला विचारलं, तुमच्या जनावराला पहिला खोकला कोणत्या तारखेला? लिहिलं. मग मला विचारलं, आजी, तुमी कुठं कोणत्या तारखेला गेलता? मी लगेच सांगितलं, तारखा मला तोंडपाठ होत्या, मला वाटलं माझं कौतुक करणार. महेबूबभाईकडं तेवीस, खोकला सव्वीस. छबुबाईकडं सत्तावीस, खोकला दोन मार्चला. बादशहाकडं सतरा, खोकला वीस. दर वेळी मी गेल्यावर तीन दिवसांनी.
सगळे कागदाकडं बघत होते. मग माझ्याकडं बघत होते.
डॉक्टर म्हणले, आजी, ते नळकांडं दाखवा. मी दाखवलं. म्हणले, हे मधी कधी धुतलं होतं? मी म्हणलं, कावून धुवायचं, त्यात गुण होता ना.
डॉक्टर लई हळू बोलले. म्हणले, आजी, त्यात विषाणू होता. आजारी घोडीच्या तोंडातून निघून दर घरी तुमीच पोचवलात.
छबुबाईनं गाढवांची दोरी सोडली आन निघून गेली. ती बोलली न्हाई हे मला लई लागलं.

२१ मार्च, शनिवार.
मी तर कधी खोकलेसुद्धा न्हाई.

२३ मार्च, सोमवार.
नळकांडं चुलीत घातलं. बांबू फुटताना बंदुकीसारखा आवाज झाला, म्हातारा बाजेवरून खाली पडला. कुणी हसलं न्हाई.
हिरकणी काल दुपारपासून बसलीय. नाकातून पिवळं येतंय. श्वास घेताना सगळं अंग हलतं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ सुई देत्यात. म्हणले, ही सुई विषाणूसाठी न्हाई, त्याच्या मागनं छातीत जे घुसलं त्याच्यासाठी. घोडीला त्या दिवशी वरातीला नेलं नसतं तर हे झालं नसतं.
मी तिच्या नाकाजवळ फडकं ओलं करून धरलं, धूळ जाऊ नये म्हणून. डॉक्टरनं ते तेवढं करायला सांगितलं होतं. दर घंट्याला हात साबणानं धुतले.
ऊन लई. म्हातारा येऊन शेजारी बसला. बिडी ओढली न्हाई.

२७ मार्च, शुक्रवार.
उठली!!! सकाळी आठला, आधी पुढचे पाय, मग मागचे, मग डुलली, मग उभी. माझा पदर तोंडात धरला. मी ओरडले, जाई धावत आली, जालिंदर धावत आला, डॉक्टर न्याहारीवरून उठून आले. छबुबाईचं गाढवबी काल भाकरी खाल्लं म्हणे. एकबी जनावर मेलं न्हाई.
जालिंदर आज तीन आठवड्यांनी माझ्याशी बोलला. म्हणला, आई, जरा बाजूला सर.

३० मार्च, सोमवार. पाडवा.
ही बातमी आली, आन मी गुढीपुढं नाचले. गुडघ्याला सोसवंल तेवढं.
डॉक्टरनं आजाराचा रिपोर्ट बीडला पाठवला. त्यात सगळे घोडे, तट्टं, गाढवं मोजून लिहावी लागली, मालकाच्या नावासकट, सरकारी कागदावर, शिक्क्यासकट. मग ते वरचे म्हणले, एवढी जनावरं हायेत तर ती यादीत कावून न्हाईत? आजारी जनावरं गोळा करता येत न्हाईत, म्हणून वाढे घरपोच. सोसायटीची नोंदबी मंजूर. मोहनरावांनी बादशहाला काढून घेतला, त्याच्या जागी छबुबाईची नणंद गाढव घेऊन आली.
हिरकणी विकायची न्हाई! जालिंदर स्वतः म्हणला!
म्हंजी बघा. आजार पसरला नसता तर मोजणी झाली नसती, मोजणी झाली नसती तर चारा आला नसता. मग सोसायटी कुणामुळं उभी राहिली? मी काय म्हणत न्हाई, लोकच म्हणतील. रविवारी पहिली मीटिंग हाय, चेअरमन निवडायचाय. जरीचं लुगडं धुऊन टाकलं.

५ एप्रिल, रविवार.
मीटिंग कुंभारवाड्यात झाली. छबुबाई चेअरमन. चार जनावरं तिच्या घरची, मतंबी तिच्या घरची.
मग ठराव लिहायचा होता. दहा सभासदांत लिहिता येणारी मी एकटी. छबुबाईनं वही माझ्यापुढं सरकवली, सांगायला लागली, मी लिहायला लागले. ठराव क्रमांक एक. संस्थेच्या कोणत्याही जनावराच्या पंधरा हातांच्या आत केसरबाईनं औषध, भांडं किंवा सल्ला घेऊन यायचं न्हाई. महेबूबभाई म्हणले, मावशी, "सल्ला" नीट मोठं लिहा. गहिनीनाथ म्हणला, रिकाम्या हातानंबी नको. तेबी लिहिलं. डॉक्टर बघायला बसले होते, म्हणले, आजी, तुमचं अक्षर लई सुंदर हाय.
मी विचारलं, हिरकणी तर माझी स्वतःची, तीबी ह्यात आली का? छबुबाई म्हणली, सभासदाचं जनावर हाय ना? मग आली.
सर्वानुमते मंजूर. मीबी हात वर केला, कारण त्याशिवाय वाढ्यांचा भारा मिळत नव्हता.
आता जाई तिला वाढे टाकती हाय. कराकरा खाण्याचा आवाज इथपतोर येतोय. ओट्यापासून खुंट्यापतोर मी हातानं मोजलं, चौदा भरले. म्हणून उंबऱ्याच्या आत सरकून बसले आन तिथून लिहिती हाय. इथून फकस्त शेपूट दिसतं.